माझ्या पेशी, दादाची कातडी

बावीस वर्षं मी फळ्यावर एकच चित्र काढत आले. डावीकडे एक गोल, त्याच्या हातात बंदूक. उजवीकडे दुसरा गोल, चेहरा वाकडा. पहिली आपली पांढरी पेशी, दुसरी रोग झालेली. दोघींच्या मधे ठिपक्याठिपक्यांच्या गोळ्या सुटलेल्या. मुलं हसायची, चित्र लक्षात ठेवायची आणि परीक्षेत बंदुकीसकट उतरवून काढायची, आणि मी गुण द्यायची. कर्जतच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी मी एकटीच, त्यामुळे कान धरणारं कुणी नव्हतं.

चूक होती ती मधल्या मोकळ्या जागेची. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात आम्हाला मायक्रोस्कोपखाली घेतलेली चित्रफीत दाखवली, तेव्हा ती मला कळली. मारणारी पेशी लांबून काहीच करत नाही. ती सरपटत येते, समोरच्या पेशीला अंग लावते, तिच्या पृष्ठभागावर काय काय आहे ते चाचपते. ओळखीचं असेल तर काही मिनिटांत सोडून पुढे जाते. अनोळखी वाटलं तर मात्र थांबते, चपटी होते, चिकटून बसते. दोघींच्या मधे गोल कडं तयार होतं, डब्याच्या झाकणाला रबर असतं तसं, आणि त्या कड्याच्या आत, एवढ्याशा बंद जागेत, ती आपलं विष सोडते. शेजारच्या पेशीला त्याचा पत्ताही लागत नाही. मग ती सुटते आणि दुसरीला जाऊन चिकटते. मी घरी आले आणि पुढच्या वर्षापासून बंदूक काढणं बंद केलं. त्याहून जास्त विचार तेव्हा केला नाही.

आता करते, कारण पुढे हे सगळं माझ्याच पेशींनी केलं, आणि ज्याच्या अंगात केलं तो माझा सख्खा दादा होता.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमचं गाव भिवपुरीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. दादाची भातशेती आणि जोडीला एक टेंपो. तरुणपणी तो कबड्डी खेळायचा आणि त्याची पकड सुटत नाही असं पंचक्रोशीत म्हणायचे. मी शिकले, नोकरीला लागले, लग्न होऊन खालापूरला गेले. सासर-माहेरात अंतर असं काही नाही, पण माहेरच्या उंबऱ्याशी माझी भाषा आपोआप बदलते, हे माझे मुलगे अजूनही मला चिडवून दाखवतात.

दादाला रक्ताचा कॅन्सर निघाला. पहिल्या औषधांनी तो दबला, पण डॉक्टर म्हणाले, हा परत उठणारा आहे. यांचं रक्त तयार करणारं कोठारच बदलायला हवं. त्यासाठी दुसऱ्या कुणाच्या तरी मूळपेशी लागतात. सख्ख्या भावंडांतही त्या जुळतीलच असं नसतं. माझ्या जुळल्या. वहिनीने देवापुढे साखर ठेवली. मला मात्र डॉक्टरांनी खोलीत बसवून आणखी एक गोष्ट सांगितली. मला दोन मुलगे आहेत. पोटात मुलगा वाढतो तेव्हा आईच्या पेशींना पुरुषाच्या अंगातल्या काही खुणांची ओळख होते, आणि ती ओळख त्या विसरत नाहीत. अशा बाईच्या पेशी पुरुषाला दिल्या तर त्या त्याच्यावर उलटण्याची भीती थोडी जास्त. पण दुसरं कुणी जुळत नव्हतं. मी मान डोलावली. मला वाटलं, माझ्या दादावर माझ्या पेशी कशाला उलटतील? जीवशास्त्राच्या बाईने असा विचार करावा, म्हणजे कमालच.

पाच दिवस इंजेक्शनं घेतली. हाडं अशी ठणकायची की बाळंतपण परवडलं. मग दोन्ही हातांत सुया घालून चार-पाच तास मशीनशेजारी पडून राहिले आणि शेवटी एक पिशवी भरली, टोमॅटोच्या साराच्या रंगाची. दादा काचेच्या खोलीत होता. डोक्यावर एक केस नाही, भुवयाही गेलेल्या. मी काचेपलीकडून फोनवर त्याला म्हटलं, "दादा, माझ्या पेशी तुझ्याकडं माहेरपणाला आल्यात. नीट ठेव हां त्यांना."

तो एवढ्या अशक्तपणातही हसला. "येऊ दे गं बाय. हायेच की जागा."

त्या वेळी मला माझ्या या वाक्याचं भारी कौतुक वाटलं होतं. वर्गात एखादं उदाहरण जमून गेलं की वाटतं तसं.

आमच्या घरात माहेरवाशिणीचं प्रस्थ किती, ते इथे सांगायला हवं. मी गेले की माझं ताट मी उचलायचं नाही. मला कुणी "ऊठ" म्हणायचं नाही. जाग येईल तेव्हा येईल. कालवणातलं पहिलं वाढप माझं. एकदा मी वहिनीबरोबर बिरड्याचे वाल सोलायला बसले, तर दादाने शेतावरून येऊन वहिनीला एवढं बोलून घेतलं की ती बिचारी रडायला लागली. मी सांगत होते, माझी मीच बसले रं, पण तो ऐकेना. "सासरी काय कमी राबती का ती? हितं तरी मोकळी असू दे." हे आमच्या वडिलांचं आणि त्यांच्या वडिलांचं चालत आलेलं. बाकी कुठल्या देवाधर्माला दादा फारसा मानत नाही, पण हे मानतो.

माझ्या पेशी त्याच्या हाडांत रुजल्या. तीन आठवड्यांनी रक्तात पांढऱ्या पेशी दिसू लागल्या, त्या माझ्या होत्या. पुढे त्याचा रक्तगटही बदलून माझा झाला. याची त्याला एवढी गंमत वाटायची की येईल त्याला सांगायचा, "आता मी हिचाच भाव न् हिचीच भन." महिन्याभराने त्याला घरी सोडलं. बरोबर गोळ्यांची पिशवी. त्यातली एक गोळी सगळ्यांत महत्त्वाची, सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला, चुकता कामा नये.

ती कशासाठी हे मी त्याला ओटीवर बसून समजावलं. डॉक्टरांनी सांगितलं होतंच, पण मला राहवलं नाही. शिकवायची खोड. मी म्हटलं, "दादा, ही गोळी माझ्या पेशींना दाबून ठेवायला हाय."

"दाबून? कशापायी?"

"नायतर त्या तुझ्याच अंगावर उठतील ना."

त्याने गोळी तळहातावर घेऊन उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाला, "बरं."

या "बरं"वर मी उठले. वर्गातही मी हेच करते. मुलं "हो मॅडम" म्हणाली की पुढचा मुद्दा.

अडीच महिन्यांनी वहिनीचा फोन आला. "वन्सं, यांच्या हाताला लाल चट्टे उठलेत, तळव्याला. पायाच्या बी. अन् चार दिस झाले, पोट थांबत नाय. दवाखान्यात चला म्हनलं तर म्हंत्यात, उन्हाचं हाय."

मी कॉलेजातून रजा टाकून तशीच गेले. दादा ओटीवर बसला होता. मी त्याचे तळहात उघडून बघितले. भाजल्यासारखे लाल, दाबलं तर दुखणारे. पुस्तकात तळवे आणि तळपाय असंच लिहिलेलं असतं. मी विचारलं, गोळ्या घेतोस का? तो म्हणाला, घेतो की. मी वहिनीला पिशवी आणायला सांगितली. उरायला हव्या होत्या त्याहून कितीतरी जास्त पट्ट्या शिल्लक होत्या.

"संध्याकाळची गोळी कुठं जाते, दादा?"

"कुठं जातीय? पिशवीतच हाय."

"म्हणजे घेत नाहीस?"

तो शांतपणे म्हणाला, "अगं, सकाळची घेतो ना. दिवसभर दाबतोच त्यांना. मंग संध्याकाळी तरी जरा मोकळं सोडावं. आपल्या घरात माहेरवाशिनीला कुनी दाबून ठेवलंय का आजपातूर?"

"अरे, पण दवाखान्यात रक्त तपासतात ना दर वेळी? तिथं कळलं कसं नाही?"

"जायच्या आदी चार दिस दोनी टायमाला घ्यायचो. डाक्तरला उगाच वाईट वाटाया नको. चांगला मानूस हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याच्यावर ओरडले, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले. वेडा आहेस का, जीव जाईल तुझा, पोरीचं लग्न व्हायचंय अजून, काय काय बोलले. मग वहिनी हळूच म्हणाली, "ते येडं नायत वो वन्सं. तुमीच म्हनला हुता ना, माहेरपनाला आल्यात." मी तिथेच ओटीच्या कडेला बसले. चेष्टेत बोललेलं एक वाक्य आणि शहाणपणात बोललेलं दुसरं, दोन्ही माझी. त्याने फक्त ती एकमेकांना जोडली होती.

त्याच दिवशी त्याला मुंबईच्या दवाखान्यात नेलं. आतडं आणि कातडी, दोन्हीकडे माझ्या पेशी उलटल्याची शंका होती. खात्री करायला त्याच्या दंडाच्या कातडीचा तांदळाएवढा तुकडा काढला. दुसऱ्या दिवशी मी तो तुकडा तपासणाऱ्या डॉक्टर बाईंच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तरुण होत्या, माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. मी म्हटलं, मी जीवशास्त्र शिकवते, पेशी माझ्या आहेत, मला बघायच्या आहेत. नातेवाइकांना असं कुणी दाखवत नाही. पण त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या." त्यांच्या मायक्रोस्कोपला दोघांना एकदम बघता येईल अशी दोन तोंडं होती.

कातडीच्या पेशी विटांसारख्या ओळीने लागलेल्या होत्या. मधेच एखादी आक्रसलेली, भडक गुलाबी, मेलेली. आणि तिला लागून एक छोटी, गोल, गडद जांभळी पेशी. कुठे दोन. डॉक्टर बाईंनी भिंगात दिसणारा बाण तिथे नेला. "ही त्यांची. आणि ही तुमची."

मधे जागाच नव्हती. मी कितीतरी वेळ डोळा हलवला नाही. चित्रफितीत बघितलं होतं ते कुणाचंतरी होतं. हे माझं होतं. मी चहा पीत असताना, वर्गात हजेरी घेत असताना, गाढ झोपलेली असताना माझ्या या पेशी दादाच्या एकेका पेशीला चिकटून बसल्या होत्या, चाचपून बघत होत्या, आणि हा आपला नव्हे असं ठरवत होत्या. मला लाज वाटली. कुणी म्हणेल, पेशींच्या वागण्याची कसली लाज? पण वाटली. मूल दुसऱ्याच्या घरात काही फोडून आलं की आईला वाटते ना, तशी.

"त्यांना आधी हात लावूनच कळतं ना," मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं.

"हो," डॉक्टर बाई म्हणाल्या. "आणि गोळीने हात लावायचं थांबत नाही, बरं का. त्या स्पर्श करतातच. स्पर्श झाल्यावर जो निरोप पेशीच्या आत जातो, तेवढा गोळी अडवते. म्हणजे भेट होते, पण भांडण होत नाही."

बाहेर बाकावर येऊन मी बसले. हे मला ठाऊक होतं. पुस्तकात होतं, मी वाचलं होतं. दादाला सांगताना मी ते एका वाक्यात कोंबलं, आणि तेही चुकीच्या.

पुढचे सात आठवडे वाईट गेले. दादाच्या पाठीची कातडी पापुद्र्यांनी निघाली. पोटात पाणी ठरत नव्हतं. मोठ्या औषधांनी चेहरा सुजून ओळखू येईना. दोनदा डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन "तयारीत राहा" असं सांगितलं. मी रोज जायची आणि रोज मनात एकच हिशेब चालायचा: हा गेला तर तो कॅन्सरने नाही, माझ्याने गेला. घरी नवऱ्याने समजूत घालायला सुरुवात केली की मी उठून दुसऱ्या खोलीत जायची.

तो जरा बोलता झाला तेव्हा मी खुर्ची ओढून जवळ बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. या वेळी घाई केली नाही. म्हटलं, "दादा, कबड्डीत नुसता हात लागला की माणूस बाद. पेशींचं तसं नाय. हात लागतो, मग बघतात, मग धरतात, अन् धरलं की सोडत नाहीत. ही गोळी माझ्या पेशींना कोंडत नाय, मारत नाय. त्या येतात, हात लावतात, सगळं करतात. फक्त पकड बसू देत नाय."

तो डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "म्हंजे त्या घरात फिरत्यात, पन भांडत नायत."

"हां. अगदी तसंच."

"मंग आदीच असं का नाय सांगितलंस गं?"

रागावून नाही, सहज विचारलं. मी त्याच्या पायावरची चादर नीट केली.

तो वाचला. हळूहळू, एकेक गोळी कमी होत, वर्षभराने टेंपो चालवण्याइतका झाला. तपासण्यांत कॅन्सर कुठेच दिसत नव्हता. उलटलेल्या पेशी कधीकधी उरलासुरला कॅन्सरही मारून टाकतात, हे त्याने डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आणि छाती पुढे काढून मला म्हणाला, "बग! सोडल्या म्हनून साफ केलं त्यांनी." मी डॉक्टरांना विचारलं, असं झालं असेल? ते म्हणाले, असेलही, नसेलही, सांगता येणार नाही. मला हे उत्तर आवडलं नाही, दादाला आवडलं. मी वाद घातला नाही. संध्याकाळी आठला मात्र फोन करायची. गोळी तोंडात टाकून, पाणी पिऊन मगच तो फोन ठेवायचा.

दुसऱ्या वर्षी त्याचे डोळे खुपायला लागले. वाळू गेल्यासारखे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच्या खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं बसवलं. पट्टी ओली व्हायला हवी होती. ती तशीच कोरडी निघाली. माझ्या पेशी आता अश्रू तयार करणाऱ्या ग्रंथींना जाऊन चिकटल्या होत्या, आणि कळेपर्यंत काम उरकलं होतं. तिथलं गेलेलं परत येत नाही. दर दोन तासांनी डोळ्यांत थेंब घालायचे, आयुष्यभर. दादा म्हणाला, ठीक हाय, जीव तर हाय. त्याने शर्टाच्या खिशात बाटली ठेवायची सवय लावून घेतली.

तिसऱ्या वर्षी भाचीचं लग्न ठरलं, पोरगा खोपोलीकडचा. मांडव गावातच. दादा तोंडाला मास्क लावून सगळीकडे फिरत होता, पंगतीत आग्रह करत होता. पाठवणीची वेळ आली. भाची आईच्या गळ्यात पडली, वहिनी रडायला लागली, तिच्या बहिणी रडायला लागल्या, वऱ्हाडाच्या टेंपोचा ड्रायव्हरसुद्धा रुमाल काढून उभा. दादा एका खांबाला धरून उभा होता. त्याचे खांदे हलत होते, मास्क आत-बाहेर होत होता, आणि डोळे ठणठणीत कोरडे. माझ्या मागची एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "बाप बग कसा घट काळजाचा. टिपूस नाय."

मी पुढे झाले. त्याच्या खिशातून बाटली काढली आणि म्हटलं, "वर बघ." त्याने मान वर केली. मी दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. ते गालावर ओघळले, मास्कच्या कडेत जिरले. डोळे उघडून तो माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांच्या शिरा लाल झाल्या होत्या. किती दुखत असेल, ते मला दिसत होतं.

"हे पानी दुकानातलं हाय गं," तो म्हणाला. "माजं तुज्या पेशींनी आटवलं. आता माज्या वाटचं बी तूच रड."

मी रडले. भर मांडवात, पाहुण्यांसमोर, अशी की बायका नवरीला सोडून मला धरायला आल्या. मुंबईच्या बाकावर रडले नव्हते, सात आठवड्यांत एकदाही रडले नव्हते, ते सगळं आलं. नाक पुसून मी थांबायला बघितलं, तर दादाने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आनि थोडं," तो म्हणाला.